मिनिटाला सव्वा लिटर

समजा, महाशिवरात्रीचे दिवस आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीहून मार्कंड्याकडे मोटारसायकलींची रीघ लागली आहे. एकेका गाडीवर तिघे, वर टाकीवर चौथं पोर. वैनगंगा इथे वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते म्हणून स्नानाला गर्दी, मार्कंडेश्वराचं कोरीव देऊळ आहे म्हणून दर्शनाला गर्दी. एक गाडी रेतीवर घसरते. चालवणारा गडी उठतो, कपडे झटकतो, कुशीवर हात दाबून म्हणतो, "काही नाही झालं, मुका मार आहे." हाड मोडलेलं नाही, रक्त कुठे दिसत नाही. कुणीतरी हळद लावायला सांगतं आणि सगळे पुढे निघतात.

त्या कुशीत, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आड, किडनी बसलेली असते. दोन्ही किडन्यांमधून मिळून दर मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास रक्त वाहतं. मुक्या माराकडे बघताना हा आकडा आधी आठवावा, कारण पुढचा सगळा उपचार याच आकड्याच्या धाकात चालतो.

तीनशे ग्रॅमचा रुबाब

एक किडनी वजनाला साधारण १५० ग्रॅम, लांबीला १० ते १२ सेंटिमीटर. दोन्ही मिळून ३०० ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या वजनाचा अर्धा टक्का. या अर्ध्या टक्क्याला हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा मिळतो. मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला ५०-५५ मिलिलिटर रक्त पुरतं, हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला ७०-८०. किडनीला लागतं ४०० मिलिलिटर.

एवढं रक्त तिला स्वतःचं पोट भरायला लागत नाही. ते गाळण्यासाठी येतं. मिनिटाला १.२ लिटर धरलं तर दिवसाचे १,७२८ लिटर होतात. घरावरची हजार लिटरची काळी टाकी पावणेदोन वेळा रिकामी व्हावी, इतके. सत्तर वर्षांच्या आयुष्यात हा हिशेब ४ कोटी ४० लाख लिटरवर जातो, आणि अंगात रक्त असतं जेमतेम चार-पाच लिटर.

गाळण्याचं प्रमाणही असंच अचाट आहे. मिनिटाला १२५ मिलिलिटर, दिवसाला १८० लिटर. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, असतो तीन लिटरच्या आसपास. म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून ६० वेळा गाळला जातो. लघवी मात्र होते दीड लिटर. उरलेले एकशे साडेअठ्ठ्याहत्तर लिटर किडनी परत रक्तात सोडते. गाळलेलं सोडियम मीठ म्हणून तोललं तर दिवसाला जवळजवळ दीड किलो भरेल, आणि त्यातलं लघवीत उतरतं ते आपण दिवसभरात खाल्लं असेल तेवढंच, काही ग्रॅम.

हे काम करणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत सरासरी १० लाख. कुणाला जन्मतःच दोन लाख, कुणाला पंचवीस लाख. एका नेफ्रॉनची नळी ५ सेंटिमीटर धरली आणि दोन्ही बाजूंच्या २० लाख नळ्या टोकाला टोक लावून ठेवल्या, तर १०० किलोमीटर होतात. मार्कंड्याहून निघालेली ही नळी चंद्रपूर ओलांडून पुढे जाईल. पण यातला एकही नेफ्रॉन जन्मानंतर नव्याने तयार होत नाही. आईच्या पोटात नववा महिना लागता लागता कारखाना बंद होतो. फाटलेल्या किडनीवर उपचार करणारा डॉक्टर म्हणूनच कात्री उचलायला कचरतो. कापून टाकलेला तुकडा परत उगवत नाही.

पन्नासचा वेग, दहा मीटरचं झाड

मार लागतो कसा? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळून जागीच थांबली, तर अंगाला बसणारा धक्का सुमारे १० मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. ताशी ८० असेल तर ही उंची २५ मीटर होते. उलट हिशेबही लावता येतो. भामरागडकडे गोरग्याच्या झाडाचा रस काढायला, चामोर्शी-मूलकडे चिंच-जांभळं पाडायला चढलेला माणूस ५ मीटरवरून सुटला, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटर असतो.

शरीर थांबतं, पण आतली किडनी क्षणभर पुढे जात राहते. तिला धरून ठेवणारा देठ म्हणजे ५-६ मिलिमीटर रुंदीची धमनी, एक शीर आणि मूत्रनळी. देठाला हिसका बसला की धमनीचं आतलं अस्तर तडकतं; कधी देठच तुटतो. दुसऱ्या प्रकारात हँडल, दगड किंवा बैलाचं शिंग थेट कुशीत बसतं आणि बरगडी व मणका यांच्यामध्ये किडनी चेंगरते. लहान पोरांना हा धोका जास्त. त्यांची किडनी शरीराच्या मानाने मोठी, भोवतालची चरबी कमी आणि बरगड्या लवचिक.

लघवीच्या मार्गातल्या अवयवांमध्ये सर्वांत जास्त मार खाते ती किडनीच. गंभीर मार लागून रुग्णालयात भरती होणाऱ्यांपैकी १ ते ५ टक्के लोकांच्या किडनीला इजा झालेली असते. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. जखमींपैकी निम्म्यांनाच भरती करावं लागलं असं धरलं आणि वरच्या टक्केवारीतला अगदी खालचा एकच टक्का घेतला, तरी वर्षाला दोन हजारांवर किडन्या होतात. हा झाला फक्त रस्त्यांचा, तोही हात राखून केलेला अंदाज. झाडं, विहिरी, बैल आणि रानडुकरं यांची नोंद त्यात नाही.

रक्त वाहतं, आणि थांबतंही

आता कागदावरचं भीतीदायक गणित. एका किडनीच्या वाट्याला मिनिटाला ६०० मिलिलिटर. मुख्य धमनी तुटली आणि रक्त त्याच वेगाने वाहत राहिलं, तर ६० किलोच्या माणसाच्या अंगातलं ४० टक्के रक्त तीन मिनिटांत बाहेर पडेल. प्रत्यक्षात असं क्वचितच घडतं. तुटलेली धमनी आकसते, दाब उतरतो, गुठळी धरते. शिवाय किडनीभोवती चरबी आणि तिच्यावर एक चिवट आवरण असतं. रुमानियाचे शरीररचनातज्ज्ञ दिमित्री गेरोटा यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला पडलं. हे आवरण शाबूत असेल तर सांडलेलं रक्त त्यातच कोंडतं, आतला दाब वाढतो आणि त्या दाबानेच रक्तस्राव थांबतो.

जगभरातले सर्जन किडनीच्या इजेला पाच पायऱ्यांत मोजतात. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने १९८९ मध्ये ही मोजपट्टी केली आणि २०१८ मध्ये सुधारली. पहिली पायरी म्हणजे नुसता मुका मार किंवा सालीखाली साकळलेलं रक्त. दुसरीत चीर १ सेंटिमीटरपर्यंत, तिसरीत त्याहून खोल. चौथीत चीर लघवी गोळा होणाऱ्या पोकळीपर्यंत पोचते आणि लघवी बाहेर झिरपते, किंवा रक्त गेरोटाच्या आवरणाबाहेर पसरतं. पाचवीत किडनीचे तुकडे झालेले असतात किंवा देठ तुटलेला असतो.

सर्वसामान्य माणसाला वाटतं, किडनी फाटली म्हणजे पोट उघडून शिवायची नाहीतर काढायची. प्रत्यक्षात बोथट मारातल्या दहापैकी नऊ किडन्यांना सुरी लागत नाही. उलट घाईने पोट उघडून ते आवरण कापलं, की कोंडलेला दाब सुटतो, थांबलेलं रक्त पुन्हा उसळतं आणि वाचू शकली असती ती किडनी काढून टाकावी लागते. चौथ्या पायरीतली झिरपणारी लघवीसुद्धा बहुतेकांत आपोआप बंद होते. नाही झाली तर मूत्रमार्गातून स्टेंट सरकवतात.

काही न करण्याची मेहनत

शस्त्रक्रियेशिवायच्या या उपचाराला नातेवाईक कधी कधी "डॉक्टर काहीच करत नाहीत" असं म्हणतात. वॉर्डात जाऊन पाहिलं तर दिसतं की इथे रात्रंदिवस मोजणी चालू आहे.

पहिली मोजणी नाडीची आणि रक्तदाबाची. सुरुवातीला दर १५ मिनिटांनी, मग तासातासाने. साठ किलोच्या माणसात रक्त ४.२ लिटर. त्यातलं १५ टक्के, म्हणजे ६३० मिलिलिटर गेलं की नाडी शंभरी ओलांडू लागते. वरचा रक्तदाब मात्र १,२६० मिलिलिटर जाईपर्यंत बऱ्यापैकी टिकून राहतो. तरुण पोरांत तर तो आणखी हट्टाने टिकतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून "बीपी नॉर्मल आहे" या वाक्यावर अनुभवी डॉक्टर विसंबत नाहीत. ते नाडीचा चढता आलेख बघतात.

दुसरी हिमोग्लोबिनची, साधारण दर सहा तासांनी. सकाळी १२, दुपारी ११, रात्री साडेनऊ असा उतार दिसला तर आत कुठेतरी रक्त चालू आहे. ३५० मिलिलिटरची एक पिशवी चढवली की हिमोग्लोबिन एकाच्या आसपास वाढतं. दोन-तीन पिशव्या देऊनही आकडा वर येत नसेल, तर थांबून बघण्याची वेळ संपली.

तिसरी मोजणी लघवीची. तासाला किमान ३० मिलिलिटर तरी हवी, आणि तिचा रंगही नोंदवायचा. जुन्या शिस्तीच्या वॉर्डात याची एक साधी रीत आहे. प्रत्येक वेळच्या लघवीचा थोडा नमुना काचेच्या नळीत घ्यायचा, वर वेळ लिहायची आणि नळ्या रॅकमध्ये ओळीने लावायच्या. पहिली नळी गडद तांबडी, तिसरी कोकमाच्या सरबतासारखी, सहावी फिकट गुलाबी, आठवी पिवळी. लघवी स्वच्छ होईपर्यंत रुग्ण खाटेवरून उठत नाही. रंग उलटा फिरला, गुलाबीवरून पुन्हा लाल झाला, तर कुणालाही सांगावं लागत नाही. ओळ बघूनच सिस्टर डॉक्टरला फोन करते.

पण लघवीतलं रक्त हा पूर्ण भरवशाचा साक्षीदार नव्हे. हलक्या खरचटण्यात लघवी लालभडक असू शकते, आणि देठ पूर्ण तुटला तर किडनीतून लघवीच येत नसल्यामुळे ती स्वच्छ दिसू शकते. म्हणून लागतो सीटी स्कॅन, तोही शिरेतून डाय देऊन. डाय दिल्यावर अर्ध्या मिनिटाने धमन्या दिसतात, सव्वा-दीड मिनिटाने किडनीचा मांसल भाग, आणि १० मिनिटांनी डाय लघवीत उतरल्यावर गळती. घाईत हा शेवटचा १० मिनिटांचा फेरा राहून गेला, तर चौथ्या पायरीची इजा तिसरीची म्हणून नोंदली जाते.

औषधांतही आकड्यांचा खेळ आहे. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव आवरणारं स्वस्त औषध १९६२ मध्ये जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने पुढे आणलं. २०१० मध्ये त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ जखमी. मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून साडेचौदावर आलं. अट मात्र वेळेची: मार लागल्यापासून तीन तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर नुकसानही होऊ शकतं. वेदनेसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मात्र इथे नको. ते किडनीचा रक्तपुरवठा आवळतं आणि गुठळी धरायलाही आडवं येतं.

एवढं करूनही रक्त थांबलं नाही, तर पुढची पायरी एम्बोलायझेशन. जांघेतल्या धमनीतून दीड-दोन मिलिमीटरची नळी वर नेतात, तिच्यातून मिलिमीटरहूनही बारीक दुसरी नळी किडनीच्या नेमक्या गळक्या फांदीपर्यंत सरकवतात आणि तिथे धातूची इवलीशी गुंडाळी सोडून ती फांदी बुजवतात. बाकीची किडनी जिवंत राहते.

चार गोवे, दहा लाख माणसं

इथे गणित पुन्हा जमिनीवर येतं. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. त्यात जवळजवळ चार गोवे मावतील, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं होती १०,७२,९४२, म्हणजे एका गोव्यापेक्षाही कमी. चौरस किलोमीटरला ७४ माणसं. राज्याची सरासरी ३६५.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्या निव्वळ डोकी मोजून वाटल्या असत्या, तर गडचिरोलीच्या वाट्याला ९ आल्या असत्या आणि एकेकीला १,६०० चौरस किलोमीटर जंगल सांभाळावं लागलं असतं. क्षेत्रफळ बघून वाटल्या असत्या, तर ४४. प्रत्यक्ष वाटप इतकं सरळसोट नसतं; पण आरोग्याचा पैसा डोकी मोजून द्यायचा की अंतर मोजून, हा प्रश्न या दोन आकड्यांमधल्या दरीत उभा आहे.

चामोर्शीहून गडचिरोली ३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाऊण तास. तेवढ्यात दोन्ही किडन्यांतून ५४ लिटर रक्त फिरून येतं. गडचिरोलीहून नागपूर १७० किलोमीटरच्या पुढे. चार तास धरले तर २८८ लिटर. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही ते २०२४ मध्ये सुरू झालं. तरी एम्बोलायझेशनची यंत्रणा, म्हणजे कॅथलॅब, आणि ती रात्री दोन वाजता चालवणारा हात ही जोडी सहसा मोठ्या शहरातच भेटते. धमनीचं अस्तर तडकून किडनीचा रक्तपुरवठा पूर्ण बंद पडला असेल, तर ती वाचवायला हातात चार-पाच तासच असतात. एवढ्या वेळात रुग्ण जेमतेम नागपुरात पोचलेला असतो.

याचा अर्थ "थांबून बघा" हा उपचार जिथे सर्वांत सोपा वाटतो, तिथेच तो सर्वांत अवघड आहे. शहरात थांबून बघताना काही बिघडलं तर मागे सगळा फौजफाटा असतो. इथे थांबून बघायचं ठरवलं, तर बिघाड चार तास आधी ओळखावा लागतो. मोजणी जितकी काटेकोर, तितकी ही चार तासांची उसनवारी शक्य.

इथला खास घोळ: सिकल

विदर्भाच्या या पट्ट्यात आणखी एक गोष्ट डॉक्टरला लक्षात ठेवावी लागते. इथल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेल या रक्तदोषाचा वारसा बराच आहे. किडनीचा आतला गाभा शरीरातला सर्वांत खारट आणि प्राणवायूला पारखा कोपरा. रक्तात विरघळलेल्या पदार्थांची तीव्रता २९० धरली तर गाभ्यात ती १,२०० पर्यंत चढते. धमनीत प्राणवायूचा दाब ९५ च्या आसपास, तर गाभ्यात १०-२० मिलिमीटर. सिकलची पेशी अशाच जागी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवते. त्यामुळे सिकलचा नुसता वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत माणसालाही काही न लागता लघवीतून रक्त येऊ शकतं. किरकोळ धक्क्यानंतर लाल लघवी घेऊन आलेल्या गड्याची किडनी फाटली आहे की गाभ्यातलं जुनं दुखणं बोलतंय, हे ठरवायला सिकलचा तपास आधीच झालेला असला तर बरं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. त्यातून मिळणारं कार्ड अपघाताच्या रात्रीही खिशात असावं.

एक पुरते, पण आहे का?

२ ऑगस्ट १८६९ रोजी हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सायमन यांनी एका बाईची एक किडनी ठरवून काढली आणि ती बाई जगली. माणूस एका किडनीवर नीट राहतो, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. उरलेली किडनी काही आठवड्यांत काम वाढवते आणि दोघींच्या मिळून कामाचा जवळजवळ ७० टक्के भार एकटी उचलते.

पण साधारण हजारात एक माणूस एकच किडनी घेऊन जन्मतो आणि चार-पाचशेत एकाच्या दोन्ही किडन्या खालून जोडलेल्या, नालेच्या आकाराच्या असतात. गडचिरोलीच्या लोकसंख्येला हे प्रमाण लावलं, तर हजारावर माणसं एका किडनीची आणि दोन हजारांवर जोडकिडनीची निघतील. बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून जीव वाचवायला पोट उघडावंच लागलं, तरी किडनी काढण्याआधी दुसऱ्या बाजूला आहे का, हे तपासायचं असतं. सीटीची सवड नसेल तर टेबलावरच शिरेतून डाय देऊन १० मिनिटांनी एक एक्स-रे घेतात.

घरी सोडल्यावरही मोजणी संपत नाही. आत तयार झालेला रक्ताचा फुगा दोन-तीन आठवड्यांनीही फुटू शकतो, म्हणून तोवर ओझं, सायकल, नांगर सगळं बंद. १९३९ मध्ये आयर्विन पेज यांनी कुत्र्याच्या किडनीला सेलोफेन गुंडाळून दाखवलं होतं की बाहेरून आवळलेली किडनी अंगाचा रक्तदाब चढवते. साकळून घट्ट झालेलं रक्तही तेच करू शकतं. भामरागडला परतलेल्या माणसाला रक्तदाबाच्या तपासणीसाठी पुन्हा पावणेदोनशे किलोमीटर गडचिरोलीला बोलावण्यात अर्थ नाही. आशाताईच्या पिशवीत बीपीचं यंत्र असलं तर ते त्याला पुरे आहे.

मार लागल्यावर घरच्यांनी करायच्या गोष्टी तीन: मार किती वाजता लागला ते लिहून ठेवणं, पहिल्या लघवीचा रंग पाहणं आणि कुशीत दुखत असेल तर हळदीवर न भागवता दवाखाना गाठणं. शासनाने करायच्या गोष्टीही अंतराळयानाच्या तोडीच्या नाहीत. उपजिल्हा रुग्णालयात डाय देऊन होणारा सीटी, रात्रीही चालू असलेली प्रयोगशाळा, चार पिशव्या रक्त, आणि सगळ्यांत आधी प्रत्येक पाळीला भरलेलं सिस्टरचं पद. मिनिटाला सव्वा लिटर वाहणाऱ्या अवयवाला दहापैकी नऊ वेळा सर्जनची सुरी लागत नाही, पण दर तासाला त्याची नोंद करणारं माणूस दहाही वेळा लागतं. ती खुर्ची रिकामी असेल, तर नागपूरची कॅथलॅब कितीही भारी असो, तिच्या उपयोगाची वेळ आधीच टळलेली असते.